बशीरभाई, तो ठराव मी लिहिला होता

बशीरभाई, तुमच्या कबरीवर मी चार मुठी माती टाकली. तीन टाकायच्या असतात, हे तुमच्या धाकट्या भावानं मला रस्त्यातच सांगून ठेवलं होतं. दोन मुठी झाल्या आणि माझ्या खिशातला मोबाईल वाजायला लागला. तो बंद करायच्या गडबडीत मी मोजायचं विसरलो आणि आणखी दोन टाकल्या. मागं उभा असलेला एक म्हातारा पुटपुटला, "आसू द्या, जास्त झाली म्हनून काय बिघडत न्हाय." डोक्याला बांधायला रुमाल न्यायला विसरलो होतो. त्यामुळं गाडीची काच पुसायचं पिवळं फडकं बांधून मी इंदापूरच्या कब्रस्तानात उभा होतो. तुम्ही असता तर हे महिनाभर लोकांना सांगत हसला असता.

मला तिथं रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही. तसं काहीतरी आत झालंय. जेवण जातं, झोप लागते, पेपर वाचतो. संध्याकाळी साडेपाचला चपला घालून तुमच्या अकरा नंबरच्या फाटकापर्यंत जातो आणि कडीला हात लावल्यावर आठवतं.

कॉलनीचे अर्ज, नोटिसा, ठराव, श्रद्धांजलीचे फलक हे सगळं मीच लिहितो. तुमचाही फलक मीच लिहिला. त्यात 'मनमिळाऊ' असा शब्द घातला. तो मी सगळ्यांनाच घालतो. तेरा नंबरच्या त्या गृहस्थांशी त्यांची स्वतःची सूनही बोलत नव्हती, त्यांनाही घातला होता. फलकात जागा कमी असते, आणि खरं लिहायला तर नसतेच. म्हणून हे वेगळं लिहितोय. हे सांगायला सहा वर्षं हाताशी होती. रोज तासभर आपण कॅनॉलच्या कडेनं फिरायचो. त्या तासात मी तुम्हाला माझ्या आयुष्यातल्या झाडून सगळ्या फजित्या सांगितल्या, तेवढी एक सोडून.

अकरा नंबरचं रो-हाउस विकायला निघालं तेव्हाची गोष्ट. घेणारा इंदापूरकडचा आहे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला पॅनमन आहे, एवढं कळलं तेव्हा सगळे खूश होते. पॅनमन म्हणजे उसाच्या रसाची साखर नेमकी कधी होते ते नुसत्या नजरेनं ओळखणारा माणूस. आपल्याकडं त्याला मान असतो. मग नाव कळलं. नावाच्या पुढचं कुणी ऐकून घेतलं नाही.

आमचे अध्यक्ष आबा. पणदऱ्याकडं ऊस, इथं बारामतीत आमच्या कॉलनीतच बंगला, आवाज असा की त्यांना माईक लागत नाही. त्यांनी रविवारी सकाळी सगळ्यांना क्लबहाउसात बोलावलं. लोक काय काय बोलले ते आज लिहायला जड जातंय, पण लिहितो.

"येक आला का चार येत्यात."

"उद्या आपल्याला घर इकायचं झालं तर गिऱ्हाईक मिळंल का?"

"मानूस चांगलाच आसंल वो, पर..."

हे शेवटचं वाक्य तर जवळजवळ प्रत्येकानं म्हटलं आणि कुणीच पुरं केलं नाही. त्या 'पर'पाशी येऊन सगळी सभा थांबली होती. आबा म्हणाले, "सरळ लिवून टाका, ह्या लोकांना घर देनार न्हाय."

तिथं मला अक्कल सुचली. मी उभा राहून म्हणालो, "आबा, असं लिहिता येत नाही, कायद्यात अडकाल. मी लिहून देतो." पाच मिनिटांत लिहिलंही. संस्थेचे सात्त्विक व आरोग्यदायी वातावरण अबाधित राहावे या उदात्त हेतूने संस्थेच्या आवारात कोणत्याही प्रकारचा मांसाहार शिजवण्यात अथवा आणण्यात येऊ नये, व नवीन घर खरेदीदाराने तसे हमीपत्र लिहून द्यावे. कुठं नाव नाही, कुठं जात-धर्म नाही. बशीर नावाचा माणूस हे वाचेल आणि आपण होऊन परत जाईल. सूचक आबा, अनुमोदक मी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा म्हणाले, "तात्या, तुमी वकील व्हायला पायजे हुता!" आणि खरं सांगतो बशीरभाई, मला फार बरं वाटलं. चाळीस वर्षं साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात ऊसतोडीच्या नोटिसा लिहिल्या, पण टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या.

घरी येताना बायको, सुमन, माझ्या दोन पावलं पुढं चालत होती. फाटकापाशी आल्यावर म्हणाली, "मग रयवारचं काय?"

"कुठल्या रविवारचं?"

"आजच्या. मटन सांगून ठिवलंय न्हवं तुमी? आणाया जायचं का सात्त्विक ऱ्हायचं?"

चोवीस घरांत पक्की शाकाहारी घरं तीन. बाकी आम्ही सगळे मटणाच्या रश्श्यावर वाढलेले. पाहुण्याला मटण घातलं नाही तर तो पुढच्या लग्नापर्यंत तोंड फिरवून बसतो, अशी आमची रीत. आणि एकालाही सभेत वाटलं नाही की हे कुंपण आपण आपल्याच भोवती घालतोय. कारण ते कुंपण दोन-चार दिवसांसाठीच होतं. तुम्ही परत गेलात की ठराव फायलीत जाणार होता.

तुम्ही आलात. ऑफिसात खुर्चीवर बसलात, चष्मा लावून कागद दोनदा वाचलात. मी खिडकीपाशी उभा होतो, जसं काही माझा संबंधच नाही.

"येवढंच व्हय?" तुम्ही विचारलंत.

आबा गडबडले. म्हणाले, "आं? व्हय... म्हंजी, पाळावं लागंल बरं का."

"पाळू की. पेन द्या."

आणि सही केलीत. तुम्ही फाटकाबाहेर गेल्यावर आबा माझ्याकडं बघत म्हणाले, "आता वो?" नवीन माणसाकडून हमीपत्र घेतल्यावर ठराव रद्द करायचा, तर तो कशासाठी केला होता हे उघड्यावर आलं असतं. म्हणून तो राहिला.

पुढची मजा तुम्हाला माहीत आहे. ती आठवून आपण दोघं किती हसलोय! दारं-खिडक्या लावून, कापूर जाळून मटण शिजवायचं. कुकरची शिट्टी वाजायला लागली की टीव्हीचा आवाज वाढवायचा. अंड्याची टरफलं कागदात गुंडाळून, वरून बिल्वपत्राची पिशवी ठेवून कचऱ्यात टाकायची. आबांच्या घरची हाडकं तर त्यांच्या गाडीतून पणदऱ्याला जायची. ज्यांना हा व्याप झेपत नव्हता ते रविवारी सहकुटुंब भिगवणला मासे खायला जायचे. दहा वाजले की एकामागून एक गाड्या फाटकाबाहेर पडायच्या. तुम्ही व्हरांड्यात मटार सोलत बसलेले असायचा. माझी गाडी जवळ आली की ओरडायचात, "काय तात्या, समदी कॉलनी देवदर्शनाला निघाली जनू! भिगवनला कुटला देव हाय, आमाला बी सांगा की!"

ती तीन शाकाहारी घरं सोडली तर ठराव पाळणारं घर एकच होतं. भाभी बटाट्याची बिर्याणी करायच्या. आम्ही ती तुमच्या घरी बसून खायचो आणि वर म्हणायचो, "भाभी, बिर्याणी म्हणजे अशी!"

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं, तेही लिहून ठेवतो. मी म्हणायचो, साखर रानात तयार होते, कारखाना फक्त गोळा करतो. तुम्ही म्हणायचात, "मग रानातच पोती लावायची हुती. कशाला आणता आमच्याकडं?" एकदा तुम्ही मला तुमची ती जुनी काचपट्टी दाखवलीत. पॅनमधला पाक तिच्यावर घ्यायचा, उजेडासमोर धरायचा आणि दाणा बघायचा. म्हणालात, "दाणा सगळ्यांस्नी दिसतो तात्या. कवा थांबायचं ते दिसाया पायजे." मी म्हणालो, तरी साखर रानातच होते. तुम्ही म्हणालात, उद्या बोलू. रोज उद्या बोलू म्हणायचो आपण.

आता सुकटीचं. हे आपण कधी बोललो नाही. म्हणजे तुम्ही बोललात, मी नाही.

सुमन माहेरी गेली होती आणि मला सुकट खायची लहर आली. वाळलेल्या कोळंबीचा वास बंद घरात मावत नाही, एवढी अक्कल मला हवी होती. तवा तापवला, सुकट टाकली आणि नेमका जावयाचा फोन आला. फोन संपेपर्यंत सुकटीचा कोळसा झाला होता. धूर खिडकीतून बाहेर, गल्लीत, पार क्लबहाउसापर्यंत. मी दार लावून आत बसलो. अर्ध्या तासानं आबा दारात.

"तात्या, वास येतोय न्हवं?"

"येतोय खरा."

"अकरा नंबर. दुसरं कोन? सही करून द्यायची आन् आसं करायचं! नोटीस लिवा."

आबा, तो वास माझ्या तव्याचा आहे, एवढंच म्हणायचं होतं. तवा अजून गरम होता. मी नोटीस लिहिली. आपल्या निवासस्थानातून आज दुपारी उग्र दर्प पसरल्याने रहिवाशांना अतोनात त्रास झाला असून, आपण दिलेल्या हमीपत्राचा हा भंग आहे. 'अतोनात' मला फार आवडला होता.

संध्याकाळी ती नोटीस हातात घेऊन तुम्ही माझ्याकडं आलात. मी चहा टाकला. तुम्ही कागद टेबलावर ठेवलात, हात फिरवून घड्या सारख्या केल्यात.

"नोटीस चांगली लिवलीय तात्या. पर येक सांगू का?"

"सांगा ना."

"सुकट भाजताना ग्यास बारीक ठिवायचा. करपली का लई लांब जाती."

मी कपात साखर घालत राहिलो. किती चमचे घातले ठाऊक नाही. तुम्ही तो चहा प्यायलात आणि म्हणालात, "आता ह्येला उत्तर द्यायचं म्हंजी काय लिवायचं? मला तुमच्यावानी येत न्हाय. तुमी सांगा, मी लिवतो."

"बशीरभाई, मी आबांना सांगतो..."

"ऱ्हाऊ द्या वो. तुमाला समदी हसतील. मला काय, माझ्याकडं आधीच..." एवढं म्हणून तुम्ही थांबलात आणि पेनाचं टोपण काढलंत. "हं, सांगा."

आणि मी सांगितलं. माझ्या तव्याबद्दल तुमची माफी मी तुम्हाला शब्द न् शब्द सांगितली आणि तुम्ही शाळेतल्यासारखी लिहून घेतलीत. 'यापुढे योग्य ती दक्षता घेऊ' हे वाक्य माझं आहे. तुमची फक्त सही.

या प्रसंगाची मी आतापर्यंत गमतीची गोष्ट करून टाकायला हवी होती. मला तेवढं येतं. दोन-तीनदा प्रयत्नही केला. आबांच्या जागी दुसरा माणूस घालून, सुकटीच्या जागी बोंबील घालून. पण तुम्ही टोपण काढता तिथंच गोष्ट अडते.

यंदा बकरी ईदच्या आधी तुमच्या गुडघ्यांनी आणि छातीनं एकदमच असहकार पुकारला. फिरणं बंद झालं, मग मीच येऊन बसायला लागलो. एका संध्याकाळी भाभी आत गेल्या तेव्हा तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "तात्या, येक काम हुतं."

सहा वर्षांत तुम्ही मला सांगितलेलं ते पहिलं काम.

"हिला सोताचं घर हाय, आन् सनाला दर साली दुसऱ्याच्या चुलीवर. भावाचं घर हाय, कोन काय म्हनत न्हाय, तरी पन. तर इचारायचं हुतं, ईदचं दोन दीस सवलत मिळंल का? कापायचं कायबी न्हाय हितं, कुर्बानी तिकडं इंदापुरातच हुईल. नुसतं शिजवायचं. ठराव काडा म्हनत न्हाय मी. दोन दीस."

"अहो, त्यात काय! वार्षिक सभा आहेच पुढच्या आठवड्यात. ऐनवेळच्या विषयात घेतो."

"बगा बरं. जमत नसंल तर..."

"जमणार नाही म्हणजे? मी आहे ना!"

मी घरी येऊन विषय लिहून काढला. छान लिहिला. सुमनला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आदी हेच करायचं हुतं." कागद खिशात घालून मी सभेला गेलो. अहवाल झाला, पाण्याच्या टाकीवरून नेहमीचं भांडण झालं. तुम्ही शेवटच्या रांगेत, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून बसला होता. आबांनी विचारलं, "अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येनारं विषय हायेत का कुनाचं?" आणि माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं, कारण मी उभा राहिलो होतो.

मी उभा राहिलो की लोक आधीच हसायला लागतात. तुम्हाला माहीत आहे. तेवीस घरं हसऱ्या तोंडानं बघत होती. आणि मी काय केलं? एकाच नावाच्या दोन शेतकऱ्यांची गोष्ट सांगितली. मी ऊसतोडीची टोळी चुकीच्या रानात पाठवली होती, तोडीची पाळी नसलेल्यानं खुशीत येऊन टोळीला जेवण घातलं आणि पाळी असलेला कोयता घेऊन माझ्या ऑफिसात आला, ती गोष्ट. तुम्ही ती किमान वीस वेळा ऐकली होती. क्लबहाउस डोक्यावर घेतलं लोकांनी. तुम्हीही हसलात. कोयत्याच्या जागी नेहमी हसता तसेच, डोळे पुसत. मग आबा म्हणाले, "चला, पोहे थंड हुत्यात."

परतताना तुमचा हात धरून चाललो होतो. तुम्ही म्हणालात, "आज गोष्ट जरा लांबली तात्या."

"वेळच राहिला नाही हो."

"व्हय. पुढच्या सबंला बगू."

तो कागद पँटीबरोबर धुतला गेला. ईदला तुम्ही आणि भाभी इंदापूरला गेलात. मी तुम्हाला एसटीत बसवून दिलं, पिशवी वर ठेवली, हात हलवला. ईद करून परत आलात. आणि महिन्याभरानं एका साध्या मंगळवारी भावाकडं गेला होता तिथं दुपारच्या जेवणानंतर आडवे झालात ते उठला नाहीत. भाभी तिकडंच राहिल्या. नवरा गेल्यावर पाळायची त्यांची इद्दत चालू आहे. ती संपेपर्यंत त्या घराबाहेर पडणार नाहीत.

गेल्या आठवड्यात शबाना आली होती, कागदपत्रं आणि अम्मीचे कपडे न्यायला. तुमची लेक तुमच्यासारखीच आहे, कामात असताना बोलते. कपाट रिकामं करत होती, मी दारात उभा. कुणाला तरी सांगायचंच होतं. म्हणालो, "शबाना, एक बोलायचं होतं. ती सुकट..."

"माझी हसून हसून वाट लागली होती काका त्या दिवशी. अब्बांनी नक्कल करून दाखवली तुमची, चहात साखर घालताना."

"आणि अजून एक आहे. तो मांसाहाराचा ठराव आहे ना सोसायटीचा, तो..."

ती घड्या घालायची थांबली नाही. "तुम्ही लिहिलाय. अब्बांना माहीत होतं."

"कधीपासून?"

"सही केली त्याच आठवड्यात. कागद वाचून घरी आले तेव्हाच अम्मीला म्हणाले होते, ह्यो लिवणारा कुठल्यातरी कारखान्याच्या शेतकी हापिसातला हाय, ऊसतोडीच्या नोटिशीची भाषा हाय ही. मग चार दिवसांनी तुमची ओळख झाली. तुम्हीच सांगितलंत, मी शेतकी ऑफिसात होतो म्हणून. घरी येऊन हसत बसले होते."

"मग मला कधी बोलले का नाहीत?"

"मी विचारायचे त्यांना. म्हणायचे, तात्या सोता सांगतील की. आज न् उद्या." मग तिनं कपाटाचं दार लावलं आणि विचारलं, "काका, गॅसची जोडणी बंद करायला कुठं जावं लागतं? घर विकायला काढायचं म्हणतोय आम्ही."

मी तिला गॅसच्या ऑफिसचा पत्ता सांगितला. कुठं वळायचं, कुठलं दुकान लागतं, सगळं नीट सांगितलं.

म्हणजे बशीरभाई, सहा वर्षं आपण रोज तासभर चालत होतो आणि तुम्ही वाट बघत होता. मी फजितीची गोष्ट सुरू केली की तुम्ही दर वेळी जरा माझ्याकडं वळून बघायचा. मला वाटायचं, गोष्ट रंगतेय.

तुम्हाला सगळं माहीत होतं, तर मग माहीत नसलेलं एकच उरतं. ते सांगतो. त्या सभेत मी आबांना घाबरलो नाही. लोक तुमच्याबद्दल काय बोलतील यालाही नाही. मी उभा राहिलो, सगळे हसऱ्या तोंडानं बघत होते आणि मला वाटलं, हा कागद वाचला तर यांची तोंडं बदलतील. माझ्याकडं बघून कुणी हसणार नाही. बस्स. भाभींच्या ईदच्या दोन दिवसांपेक्षा मला ते मोठं वाटलं. यापेक्षा बरं कारण मी शोधतोय, पण सापडत नाही.

शबाना गेल्यावर मी आबांकडं गेलो आणि विशेष सभा बोलवा म्हणालो. ऐनवेळी नाही, पहिलाच विषय, नोटीस काढून. सभा झाली. मी उभा राहिलो, लोक हसायला लागले. मी वाचलं: हा ठराव मी लिहिला होता. तो मांसाहारासाठी नव्हता, बशीरभाईंनी येऊ नये म्हणून होता. ज्या वासाची नोटीस त्यांना दिली तो वास माझ्या घरचा होता, नोटीसही माझी आणि माफीही माझीच. ईदच्या दोन दिवसांची सवलत त्यांनी मागितली होती, ती मी सभेपुढं आणली नाही. ठराव रद्द करावा.

मला वाटलं होतं, कुणीतरी उठून चार शब्द सुनावेल. निदान आबा तरी चिडतील. तयारी करून गेलो होतो.

आबा म्हणाले, "आवो तात्या, सुकटीचं तर समद्यास्नी म्हाईत हाय. सुमनवैनींनी आमच्या हिला कवाच सांगितलं हुतं. आन् ठराव काय, आमाला बी वैताग आला हुता त्येचा. कुनाची हरकत?"

कुणाची हरकत नव्हती. तीन शाकाहारी घरांचीही नव्हती. हात वर झाले. सर्वानुमते मंजूर. दोन मिनिटं लागली असतील, बशीरभाई. जास्त नाही.

काल रविवार होता. अकराच्या सुमाराला वास यायला सुरुवात झाली. आधी आबांकडून, मग समोरच्या ओळीतून, मग सगळीकडून. खिडक्या उघड्या, कुकर मोकळेपणानं शिट्ट्या मारतायत, कुणी अंगणातच चूल मांडलेली. एकही गाडी भिगवणला गेली नाही. लोक एकमेकांच्या घरी वाट्या पाठवत होते. दिवाळीला नसतो एवढा उत्साह. मी फाटकापर्यंत जाऊन आलो. ती तीन शाकाहारी घरं सोडली तर वास न येणारं घर एकच होतं. कडीला विक्रीचा बोर्ड लावलाय. फोन नंबर शबानाचा आहे.

घरी आलो तर सुमननं ताट वाढलं होतं. आबांकडूनही वाटी आली होती. मला वाटलं होतं, घास उतरणार नाही. उतरला. दोन भाकरी खाल्ल्या, रस्सा पुन्हा घेतला.

सुमननं विचारलं, "मीठ झालंय का बराबर?"

मी म्हणालो, "झालंय."